कोन्याकची भाड्याची बोट : लायसन लागत नाही, पण नियम ऐकून घ्या

आमच्या कोल्हापूरच्या गंगावेशीतली दोन घरं सप्टेंबरात फ्रान्सला चाललेत आणि भेटेल तिथं एकच विचारतात, ती नदीवरची बोट कशी होती, घ्यावी का. तर घ्या. पाचातले चार स्टार. एक कुठं कापला ते खाली सांगतो.

कोन्याक म्हणजे त्या ब्रँडीचं गाव, शारांत नदीच्या काठावर. तिथं छोट्या मोटरबोटी तासावर नाहीतर अख्ख्या दिवसावर भाड्यानं मिळतात, आपण स्वतः चालवायची, सोबत माणूस देत नाहीत. रंकाळ्यावर आपण तिकीट काढून बसतो आणि मामा फिरवून आणतो तसलं काय नाही. ताई, दाजी, मी आणि पोरं असे सगळे एका बोटीत मावलो, वर ताडपत्रीचं छत, मागं मोटर.

लायसनचं आधी सांगतो कारण सगळे तिथंच अडकतात. फ्रान्समधे मोटर 4.5 किलोवॅटपेक्षा मोठी असेल तरच परवाना लागतो. 4.5 किलोवॅट म्हणजे साधारण 6 एचपी. दाजींनी लगेच हिशोब घातला, म्हणजे माझ्या विहिरीवरची साडेसातची मोटर बसवली तर परीक्षा द्यायची आणि पाचची बसवली तर नको! अगदी तसंच आहे. म्हणून ही भाड्याची दुकानं मुद्दाम 6 एचपीच्या आतलीच मोटर ठेवतात. आठवडाभर राहायची मोठी हाऊसबोट घेतली तर तिथं कंपनीच शिकवून एक तात्पुरतं कार्ड देते, तेवढ्याच ट्रिपपुरतं चालतं.

पण लायसन नको म्हणजे नियम नाहीत असं डोक्यात घेऊन जाऊ नका. नियम सगळ्यांना तेच, मोठ्या जहाजाला बी आणि आपल्याला बी. देशभराचा एक नियमसंच आहे, 2014 पासून लागू असलेला, आणि वर प्रत्येक नदीचे कालव्याचे वेगळे स्थानिक नियम. दुकानातल्या पोरीनं नदीचा नकाशा भिंतीवर लावून हे सगळं सावकाश इंग्रजीत समजावलं, आमच्या पोरांना उलट प्रश्न विचारले, उत्तर आल्याशिवाय किल्ली दिली नाही. माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथंच. शेजारच्या दुसऱ्या धक्क्यावर तर लोकांना जॅकेट हातात देऊन थेट सोडत होते.

तर तिनं सांगितलेलं. नदीत उजवीकडनं चालायचं. आपण रस्त्यावर डावीकडनं चालवणारी माणसं, त्यामुळं समोरून बोट आली की हात आपोआप डावीकडं वळायला बघतो, दाजींना मी दोनदा ओरडलो. 20 मीटरच्या आतली बोट म्हणजे छोटी, तिनं मोठ्या जहाजाला वाट द्यायची, हट्ट करायचा नाही, ते लगेच थांबू शकत नाही. छोट्या-छोट्यांमधे मोटरवाल्यानं वल्हंवाल्याला आणि शिडवाल्याला वाट द्यायची, म्हणजे कयाकवाली पोरं आडवी आली तरी आपणच बाजूला व्हायचं. लाल-पांढरा-लाल आडवा पट्टा दिसला की पुढं जायचं नाही. लाल चौकटीत आकडा म्हणजे तेवढाच वेग, ताशी किलोमीटरमधे. पुलाच्या कमानीवर शंकरपाळ्याच्या आकाराची पिवळी पाटी एक असेल तर त्या कमानीतनं जा पण समोरून बी कोण येऊ शकतं, दोन असतील तर ती कमान एकाच दिशेची. आणि डावा काठ उजवा काठ हे आपण कुठल्या दिशेला तोंड करून बसलोय त्यावर नाही, पाणी जिकडं वाहतं तिकडं तोंड करून ठरतं. लाल बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, उजव्या काठाच्या बाजूला, हिरवा डाव्या. म्हणजे प्रवाहाच्या उलट निघालात की लाल आपल्या डाव्या हाताला येणार. पोरांना हे माझ्या आधी कळलं.

वेगाबद्दल स्पष्ट सांगतो, थ्रिल पाहिजे असलं तर पैसे वाया घालवू नका. बोट रमतगमतच जाते. कनाल दु मिदी या तिथल्या प्रसिद्ध कालव्यावर तर ताशी 8 किमीच्या वर जायची परवानगीच नाही, कारण लाटेनं काठ खचतात आणि बांधलेल्या बोटी हेलकावतात. शारांतवर बी मासे धरणारा दिसला की आम्ही मोटर कमी करत होतो, नाहीतर तो असा बघतो की विचारू नका.

बंधाऱ्याजवळची सूचना मात्र तिनं परत परत दिली आणि कोल्हापूरच्या माणसाला ती पटकन कळते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी कसं ओढतं ते आपण लहानपणापासनं बघितलंय. तिथं बी नदीला आडवा बंधारा असतो आणि बाजूनं बोटींसाठी वेगळी वाट काढलेली असते. पाटी बघून त्या वाटेलाच लागायचं, बंधाऱ्याकडं तोंडसुद्धा करायचं नाही.

त्या वाटेवर लॉक असतं, म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. आत जायचं, दरवाजा लावायचा, पाणी भरायचं किंवा सोडायचं, लेव्हल जुळली की पुढचा दरवाजा उघडायचा. शारांतवरची बहुतेक लॉकं माणसाविना आहेत, हँडल आपणच फिरवायचं. दिवसाची बोट घेतली होती म्हणून आम्हाला एक लॉक पार करायला दिलं, तासावाल्यांना देत नाहीत. दाजी लाल मातीतला माणूस, हँडल मारायला तेच उतरले आणि खरं सांगू, सगळ्या दिवसात त्यांना तेवढंच आवडलं. पाणी हळूहळू सोडायचं, एकदम नाही. दोर खुंट्याला नुसता वळसा घालून हातात धरायचा, गाठ मारायची नाही, कारण पाणी खाली गेलं आणि दोर बांधलेला राहिला तर बोट तिथंच लटकते. दुसऱ्या बऱ्याच कालव्यांवर लॉकवर माणूस असतो आणि तो दुपारी जेवायला जातो, तेवढा वेळ सगळं बंद. ऐकून दाजी म्हणाले, मग आपलं हापिस काय वाईट न्हाई.

बोटीवर दारू नाही, हे ब्रँडीच्या गावात सांगतात बघा. टेस्टिंग संध्याकाळी, बोट परत केल्यावर. सूर्य मावळायच्या आत बोट धक्क्यावर आली पाहिजे, जॅकेट माणशी एक.

आता स्टार कापला तो डिपॉझिटसाठी. भाड्यापेक्षा डिपॉझिट जास्त आणि ते फक्त क्रेडिट कार्डवर, आमचं फॉरेक्स कार्ड घेतलंच नाही, रोख बी नको म्हणाले. बुकिंग करताना हे कुठं लिहिलेलं नव्हतं. भाच्याचं कार्ड होतं म्हणून निभावलं, नाहीतर धक्क्यावरनंच परत. आणि ते ब्लॉक केलेले पैसे मोकळे व्हायला लई उशीर लागला, दोन मेल टाकावे लागले. त्यामुळं बुक करायच्या आधी डिपॉझिट किती आणि कुठल्या कार्डावर ते लिहून घ्या.

तास-दोन तासाची घेऊ नका, वळून परत यायलाच वेळ जातो. अर्धा दिवस तरी घ्या, डबा सोबत न्या, आणि पोरांना स्टेअरिंग द्यायचं विचाराल तर आमच्या दुकानात 18 च्या वरचाच चालक पाहिजे असं लिहून घेतलं होतं.