तांबडीसाठी आणलेला जाड शिंपला

मी चिपळूणजवळ राहते. परसात सात कोंबड्या आहेत, चार बीव्ही ३८० आणि तीन गावठी. कोंबडीखाद्याच्या दुकानात अंड्याच्या कवचासाठी कोंबड्यांना द्यायचा शिंपल्याचा चुरा मिळतो, दुकानदार त्याला शेल ग्रिट म्हणतात. तो तीन महिने वापरून मग हे लिहिते आहे. मला किलोला ३० रुपये पडले. पाच किलोची पिशवी आणली होती, अजून निम्मी शिल्लक आहे.

तो आणायची वेळ तांबडी या कोंबडीमुळे आली. मे महिन्यातली दुपार होती. तांबडी खुराड्याच्या कोपऱ्यात शेपूट खाली टाकून, अंग उभं ताठ धरून उभी होती. मधूनच अंड्याच्या टोपलीत जायची, जोर करायची आणि तशीच बाहेर यायची. सासूबाई म्हणाल्या, "खुडूक झाली असेल गं." पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी पिसं फुलवून बसते, जवळ गेलं की अंगावर येते. ही गप्प होती, दाण्याकडे बघतही नव्हती, चोच उघडी टाकून धापा टाकत होती. अंडं अडकलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: पोट दाबू नका, अंडं आत फोडू तर अजिबात नका. कवचाचे तुकडे आत लागले तर जखम होते, आत पू होतो, मग कोंबडी हाती लागत नाही. घंगाळात हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घेतलं आणि तिला पोटापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवलं. मान वर राहील एवढं सांभाळलं. नंतर पंचानं नीट पुसलं, मागच्या बाजूला खोबरेल लावलं आणि पडवीत अंधाऱ्या जागी डालग्याखाली ठेवलं. डॉक्टरांनी तिचं वजन विचारून कॅल्शियमच्या औषधाची मात्रा सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, कारण ती त्या त्या कोंबडीसाठी असते. सकाळपर्यंत सुटली नाही तर १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येईल, असंही ते म्हणाले. रात्री नऊला पुन्हा पाण्यात धरलं. साडेदहाला डालगं उचललं तर खाली अंडं होतं. कवच असं नव्हतंच, नुसता पापुद्रा. मी ते हातात घेऊन तिथेच बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाद्याची पिशवी बघायला मागितली. आधीच्या दुकानदारानं "सगळ्या कोंबड्यांना चालतं" म्हणून दिलेलं ते खाद्य मांसाच्या कोंबड्यांचं निघालं. त्यात कॅल्शियम साधारण १ टक्का असतं. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के लागतं. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम जातं, ते खाद्यातून मिळालं नाही तर ती हाडांतून काढते. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. त्यात मेचा उकाडा. कोंबडी धापा टाकते तेव्हा कवच आणखी पातळ होतं. चार महिने मी तिला चुकीचं खाऊ घातलं, हे अजून मनातून जात नाही.

आता शिंपल्याविषयी. दुकानात दोन प्रकार होते, पिठासारखी भुकटी आणि तुरीच्या डाळीएवढे जाड तुकडे. जाडच घ्या. कवच बहुतेक रात्रीच बनतं, तेव्हा कोंबडी काही खात नसते. जाड तुकडे तिच्या पोटातल्या दाणे दळणाऱ्या पिशवीत थांबतात आणि हळूहळू विरघळत रात्रभर पुरतात. भुकटी लवकर निघून जाते. माझ्या पिशवीत तळाला भुकटी बरीच निघाली, किलोमागे मूठभर तरी. एवढ्या पैशात चाळून द्यायला हवं होतं. समुद्राचा वास मात्र नव्हता, धुतलेला माल होता.

घरी खायला आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्याही चालतात. मी त्या उकळून, उन्हात वाळवून वरवंट्यानं फोडते. पण सात कोंबड्यांना पुरेल एवढ्या तिसऱ्या आमच्याकडे रोज कुठून यायच्या? शिवाय धार राहिलेले तुकडे निवडत बसावं लागतं.

खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला हवं ती आपणहून खाते. तांबडी संध्याकाळी खुराड्यात शिरण्याआधी हमखास वाटीशी जाते, गावठी तिघी कधीतरीच. खाद्यही अर्थात बदललं, आता लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य देते, त्यामुळे सगळं श्रेय शिंपल्याला देणार नाही. तांबडीचं अंडं पंधरा दिवसांत टणक झालं आणि तेव्हापासून एकदाही अडकलेलं नाही.

एक मात्र सांभाळा. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा असतील तर वाटी त्यांच्यापासून लांब ठेवा. जादा कॅल्शियमनं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. श्रावणात माझ्याकडे दोन नव्या तलंगा आल्या, तेव्हापासून मी मधे जाळी लावली आहे.