परदेशी भाषेची प्लेसमेंट टेस्ट: ऑनलाइन द्यावी की डिपार्टमेंटमध्ये समोर बसून?

आधी एक खुलासा, ही प्लेसमेंट नोकरीवाली नाही. मी घरी सांगितलं की जुलैमध्ये माझी प्लेसमेंट टेस्ट आहे तेव्हा बाबा म्हणाले अरे अजून कॉलेज सुरू व्हायचंय, कंपनी कुठली आली एवढ्यात? अमेरिकेत बॅचलर्सला जाणाऱ्या आपल्या पोरांना ही भानगड अ‍ॅडमिशन झाल्यावरच कळते. अकरावी-बारावीला जर्मन किंवा फ्रेंच केलेलं असतं, फॉर्ममध्ये तसं लिहिलेलं असतं, मग तिकडून मेल येतो की भाषेची टेस्ट द्या, त्यावरून ठरेल तुम्ही 101 मध्ये बसणार, 102 मध्ये की थेट 201 मध्ये (101-102 म्हणजे पहिल्या वर्षाची दोन सेमिस्टर, 201-202 दुसऱ्या वर्षाची). यंदा माझी मावसबहीण चाललीये आणि तिला दोन पर्याय दिलेत, घरून ऑनलाइन टेस्ट किंवा डिपार्टमेंटच्या कुणाशी तरी इंटरव्ह्यू. मी दोन्ही केलंय (हौस म्हणून नाही, पुढे येईलच), म्हणून तिला फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय.

त्याआधी एक तपासा, तुम्हाला हे करायची गरज आहे का. इंजिनियरिंगवाल्यांना बऱ्याच ठिकाणी भाषेची अटच नसते, बीएला असते, आणि तिथेसुद्धा शिक्षण इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत झालं असेल तर काही युनिव्हर्सिटी अट माफ करतात. मराठी माध्यमवाल्यांनो, तुमची दहावीची मार्कशीट इथे सोन्याची आहे, अ‍ॅडव्हायजरला नक्की विचारा. मी इंग्लिश मीडियमवाला, त्यामुळे मला काही मिळालं नाही, घरी चोवीस तास मराठी बोलतो याचा कागद कोण देणार.

तर ऑनलाइन टेस्ट. यात दोन जाती आहेत. एक म्हणजे नुसती ऑप्शनवाली, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत तयार झालेली वेबकेप त्यातली जुनी आणि प्रसिद्ध. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, वीस-पंचवीस मिनिटांत एक आकडा हातात येतो आणि त्या आकड्याला कुठला वर्ग द्यायचा ते प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. दुसरी जात स्टॅम्पसारखी, ज्यात वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि माइकमध्ये बोलून रेकॉर्ड करणं असं चारही असतं, ती चांगली लांब चालते. तुमच्या कॉलेजची कुठली आहे ते आधी बघा, कारण माझं जे काही रडगाणं आहे ते पहिल्या जातीचं आहे, दुसऱ्या जातीला ते तेवढं लागू होत नाही. माझ्या कॉलेजने कुठली लावली होती आणि कॉलेज कुठलं हे जाऊ दे, मिडवेस्टमधली एक मोठी स्टेट युनिव्हर्सिटी एवढं पुरे.

सोय म्हणाल तर ऑनलाइनला तोड नाही. मी ती आमच्या घरी डायनिंग टेबलवर दिली, बाहेर पाऊस, आजी शेजारी शेंगा सोलत बसलेली, वर कुणी लक्ष ठेवायला नाही. टाइप काही करायचं नव्हतं त्यामुळे उमलाउट (जर्मन अक्षरांवरचे दोन टिंब) कुठून आणायचे ही पण चिंता नाही. गुगल ट्रान्सलेट शेजारच्या टॅबमध्ये उघडं ठेवायचा मोह होतो, मला पण झाला, पण ते करू नका, फसवून वरच्या वर्गात गेलात तर तिथे रोज सकाळी तुम्हालाच बसायचंय.

आणि गंमत म्हणजे मी न फसवताच फसलो.

पुण्यात अकरावीला जर्मन का घेतात हे काही लपून राहिलेलं नाही, स्कोअरिंग आहे म्हणून. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू ही जर्मन प्रीपोझिशन्स मी पाढ्यांसारखी म्हणायचो, अजूनही झोपेतून उठवून विचारा, डेर-डी-डास या आर्टिकल्सचे तक्ते बाथरूमच्या दाराला लावलेले होते. तोंडी परीक्षा होती पण ती पण पाठ केलेली, माझं नाव अमुक, माझ्या घरात चार माणसं, माझा छंद वाचन. वर जेईई आणि सीईटीच्या क्लासने दोन वर्षं एकच गोष्ट घोटून घेतलेली की उत्तर येत नसेल तर दोन ऑप्शन उडवा आणि राहिलेल्या दोघांतलं लॉजिकने उचला. आता असा पोरगा ऑप्शनवाल्या टेस्टला बसवला तर काय होणार. प्रश्न अवघड होत गेले, मी उडवत गेलो, आणि निकाल आला 202, म्हणजे चौथं सेमिस्टर. घरी पेढे नाही आणले एवढंच.

पहिल्या दिवशी मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, शेजाऱ्याला विचारा वीकेंडला काय केलं. सगळं जर्मनमध्येच. माझ्या शेजारी एक ओहायोची मुलगी, तिची व्याकरणाची बोंब होती, विशेषणांना वाट्टेल ते प्रत्यय लावत होती पण धबधबा बोलत होती, आणि मी मनात क्रियापद शेवटी नेतोय, भूतकाळाला हाबेन लावायचं का झाइन ते ठरवतोय, ते ठरेपर्यंत तिचे तीन प्रश्न होऊन गेलेले. तिला वाटलं मी शिष्ट आहे. दुसऱ्या आठवड्यात क्विझ झाली त्यात मला पैकीच्या पैकी आणि तिला निम्मे, आणि त्याच तासाला ग्रुपमध्ये चर्चा होती तेव्हा मी पंचवीस मिनिटं फक्त मान डोलावली. हे माझ्यासाठी निर्णायक ठरलं, बाकी सगळं मी सहन केलं असतं. जी भाषा बोलायच्या वर्गात मला पाठवायचं होतं त्या वर्गासाठी घेतलेल्या टेस्टने मला एकदाही तोंड उघडायला लावलं नव्हतं.

वर्ग बदलायचा म्हटलं तर तेही सरळ नव्हतं. एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर बॅचलर्सच्या पोराला सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट ठेवावेच लागतात, माझे होते 14, जर्मन चार क्रेडिटचं, ते सोडलं की 10 उरणार, आणि दुसरा काही विषय अ‍ॅड करायची मुदत संपायला तीन दिवस. ते तीन दिवस मी जेवलो काय आणि झोपलो काय मला आठवत नाही. इंटरनॅशनल ऑफिसच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आधी नवा वर्ग पक्का कर, मगच जुना सोड, हा क्रम उलटा करू नकोस. हे तुम्हीही लिहून ठेवा.

तेव्हा मग मी डिपार्टमेंटला मेल केला आणि इंटरव्ह्यू मिळाला. पंधरा मिनिटं, एका वयस्कर सरांच्या केबिनमध्ये. त्यांनीही तेच विचारलं, वीकेंडला काय केलंस. मी घाबरत म्हटलं, मॅगी शिजवली. सर थबकले, चष्मा काढला. तिकडे जर्मनीत मॅगी म्हणजे सूपमध्ये घालायची ती तपकिरी बाटली, त्यांना वाटलं पोरगा सॉस उकळून पितो की काय. मग मला त्यांना समजावावं लागलं की आमच्याकडे मॅगी म्हणजे नूडल्स, दोन मिनिटांच्या म्हणतात पण दहा लागतात, कांदा-टोमॅटो घालतात, पावसात खातात. मोडकंतोडकं, प्रत्यय चुकलेले, क्रियापद भलतीकडे, पण बोललो, बारावीच्या दोन वर्षांत मिळून बोललो नसेन एवढं. नंतर त्यांनी एक उतारा वाचायला दिला, सहा ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाले तुझं लिहिणं 202 चं आहे, बोलणं 102 चं, 201 मध्ये बस आणि दर आठवड्याला कॉन्व्हर्सेशन टेबलला, म्हणजे जर्मनमध्ये गप्पा मारायच्या बैठकीला, यायचं. असं कुठला आकडा सांगणार? त्या आकड्यात माझं दोन्हीकडचं मिसळून गेलं होतं, सरांनी ते वेगळं करून दाखवलं.

आता इंटरव्ह्यू सगळ्यांना बरा असं मी म्हणत नाही. समोर कोण बसतंय त्यावर थोडंफार अवलंबून असतं, कुणी कडक असेल, कुणी घाईत. स्लॉट कमी असतात, ओरिएंटेशनच्या आठवड्यात झुंबड उडते, आणि आपल्याकडून व्हिडिओ कॉलवर द्यायचा तर मिडवेस्टमधले उन्हाळ्यातले सकाळचे दहा म्हणजे इकडे रात्रीचे साडेआठ, घरात तेव्हा टीव्ही चालू असतो. लाजाळू माणसाला तर घाम फुटतो, मला फुटलाच होता. उलट ज्यांनी भाषा कानाने उचललीये, म्हणजे काका स्टुटगार्टला आहेत, सुट्टीत जाऊन आलोय, सिरियल बघतो अशी मंडळी, त्यांना ऑप्शनवाली टेस्ट जेवढं येतं त्यापेक्षा कमी दाखवते, कारण तिथे प्रत्ययच विचारतात. म्हणजे माझ्यासारख्या पाठांतरवाल्याला वर फेकते आणि त्यांना खाली. त्यांनी तर इंटरव्ह्यू सोडूच नये असं माझं मत.

सर्टिफिकेट आहे, मग टेस्ट कशाला, असंही काही जण विचारतात. पुण्यात बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनातून (जर्मन शिकवणारी संस्था) ए2 किंवा बी1 लेव्हलची परीक्षा केली असेल तर ते जरूर पाठवा, त्या परीक्षेत बोलणंही असतं त्यामुळे वजन पडतं, पण काही डिपार्टमेंट तरीही आपली टेस्ट द्याच म्हणतात. जपानीवाल्यांनी लक्षात ठेवा की जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या लेव्हलच्या परीक्षेत, बोलणं आणि लिहिणं दोन्ही नाही, एन4 लेव्हल पास आहे म्हणून वरच्या वर्गात गेलात तर तुमचा माझ्यासारखा पुतळा होईल.

आणि सगळं सोडून 101 पासून सुरू करावं हा पण एक विचार असतो, सोपा ए मिळेल म्हणून. बऱ्याच ठिकाणी आधी शिकलेल्याला ते करूच देत नाहीत, आणि दिलं तरी तिकडची फी भरून आल्फाबेट म्हणत बसायचं, मला तरी ते पटत नाही.

वरच्या वर्गाचा मोह मात्र खरा आहे हे कबूल. विस्कॉन्सिन-मॅडिसनसारख्या ठिकाणी वरच्या सेमिस्टरचा कोर्स बी किंवा त्याहून चांगल्या ग्रेडने पास केला तर खालच्या सेमिस्टरचे क्रेडिट मागाहून मिळतात, म्हणजे न शिकता क्रेडिट, पैसे वाचले. आमचे बाबा हे ऐकून हरखले होते. पण बी पडायला हवा ना. 202 मध्ये मान डोलावून मला तो पडला नसता, 201 मध्ये बी प्लस पडला.

तुमच्या कॉलेजने चारही कौशल्यांची ऑनलाइन टेस्ट दिली असेल, किंवा तुम्ही खरंच बोलता-लिहिता सारखंच, तर ऑनलाइन द्या आणि मोकळे व्हा, उगाच सरांचा वेळ कशाला. नाहीतर मी म्हणेन इंटरव्ह्यू मागा, मेन्यूत नसला तरी मागा, दोन ओळींचा मेल पुरतो, की मी शाळेत दोन वर्षं शिकलोय, बहुतेक लेखीच, बोलायची सवय नाही, योग्य वर्ग कळण्यासाठी पंधरा मिनिटं मिळतील का. बहुतेक जण हो म्हणतात असा माझा अनुभव, अर्थात अनुभव दोन-तीन मेलचाच आहे. आणि ऑनलाइन देणं सक्तीचंच असेल तर जिथे येत नाही तिथे "माहीत नाही" असा ऑप्शन असेल तर तो दाबा, ऑप्शन उडवत बसू नका. सीईटी संपली.

मावसबहिणीने अजून ठरवलेलं नाहीये. तिच्या फ्रेंचला बारावीत पंच्याण्णव आहेत आणि मावशीचं म्हणणं की पंच्याण्णववाल्याला कसला इंटरव्ह्यू. मी मावशीसमोर तिला म्हटलं, काल दिवसभर काय केलंस ते फ्रेंचमध्ये सांग. ती "ज" (म्हणजे मी) एवढं म्हणून थांबली, मग हसायला लागली, आणि रात्री मला मेसेज आला की तो दोन ओळींचा मेल कसा लिहायचा ते पाठव.