‘स्पीड गॅरंटी’चे तीस मीटर

मुंबईत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी लिहितोय. ‘९० दिवसांत १० टक्के स्पीड वाढवून देतो, नाहीतर पैसे परत’ अशी जाहिरात तुमच्याही फोनवर आली असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. अकादमी पश्चिम उपनगरातली आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही.

आमचा मुलगा चौदाचा, राइट विंगला खेळतो. बॉलवर पाय चांगला बसलाय, पण आझाद मैदानावरच्या शाळेच्या मॅचेसमध्ये मोकळ्या जागेत बॉल मिळाला की समोरचा बॅक त्याला मागून येऊन गाठायचा. ‘टेक्निक आहे हो, स्पीड नाही’ हे जो तो सांगून जायचा. शेवटी हिने स्पीडवाल्यांचा शोध सुरू केला आणि ही अकादमी सापडली. फी ३६,००० रुपये, वर ‘स्पीड जीन’ तपासायचे ८,५००. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि मुलगा स्प्रिंटर आहे की नाही ते सांगायचं. रिपोर्टमध्ये अर्थातच ‘जबरदस्त पोटेन्शिअल’ निघालं. ज्या जीनचं नाव त्यात होतं, ते एसीटीएन३, त्याची काम करणारी प्रत जगातल्या बहुसंख्य माणसांत असते. माझ्यातही असेल, आणि मी भांडुपला चालू लोकलही पकडू शकत नाही. असल्या टेस्टवरून मुलांमधलं टॅलेंट ठरवू नये, असं या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकत्र येऊन जाहीर केलंय. हे आम्हाला मागाहून कळलं.

पहिली टेस्ट ऑगस्टमध्ये झाली. सकाळी पाऊस पडून गेलेला, मैदानावर चिखल, पायात स्टड्स. कोचने स्वतः शिट्टी मारली, स्वतःच स्टॉपवॉच दाबलं. तीस मीटर, ५.०२ सेकंद. दुसरी टेस्ट नोव्हेंबरमध्ये, कोरड्या सिंथेटिक ट्रॅकवर, रनिंग शूज घालून. ४.४१. टाळ्या, फोटो, सर्टिफिकेट. १२ टक्के! हिने दोन्ही टेस्टचे व्हिडिओ फोनवर घेऊन ठेवले होते, नातेवाइकांना पाठवायला. पुढे तेच कामी आले.

डिसेंबरमध्ये एका क्लबच्या ट्रायलला तोच मुलगा तीस मीटर पळाला. तिथे लाइट गेट होते, म्हणजे छाती किरणाला आडवी गेली की घड्याळ सुरू आणि शेवटच्या किरणाला गेली की बंद. मध्ये कुणाचा अंगठा नाही. वेळ आली ४.८६. घरी येऊन म्हणाला, “बाबा, मी परत स्लो झालो.”

शाळेच्या पीटीच्या सरांना आम्ही दोन्ही व्हिडिओ दाखवले. त्यांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. म्हणाले, “घड्याळ कुणी दाबलं आणि कधी दाबलं, तेवढं दाखवा.”

रात्री बसून नोव्हेंबरचा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. मुलगा सुरुवातीच्या रेषेवर ठेवलेल्या निळ्या कोनाच्या बरोबर मागे उभा नाही, तीन पावलं मागे उभा आहे. कोच पलीकडच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन. कोनाशी असिस्टंट हात वर करून थांबलाय. मुलगा निघतो तेव्हा हात वरच असतो. मुलगा कोन ओलांडतो तेव्हा हात खाली येतो, आणि त्या इशाऱ्यावर घड्याळ सुरू होतं. सेकंदाला ३० फ्रेम्स. मागचा पाय सुटल्यापासून कोनापर्यंत २७ फ्रेम्स भरल्या. म्हणजे ०.९ सेकंद घड्याळात आलेच नाहीत. बदल्यात शेवटी तेवढंच अंतर जादा पळावं लागतं, पण तोवर पोरगं फुल वेगात असतं आणि ते अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात सरतं. ०.४ सेकंदाची फुकटची सूट. ४.४१ मध्ये ०.४ मिळवा, ट्रायलचा आकडा जवळजवळ तोच येतो.

उभ्याने निघणं आणि पळत येऊन रेषा ओलांडणं यात किती फरक पडतो, ते सरांनी उसेन बोल्टवरून समजावलं. २००९ मध्ये बर्लिनला तो १०० मीटर ९.५८ मध्ये धावला, तेव्हा पहिल्या २० मीटरला त्याला २.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० या २० मीटरला १.६१. माणूस तोच, अंतर तेवढंच. वेग धरण्यातच सगळा वेळ जातो, आणि या मंडळींनी नेमका तोच भाग घड्याळाबाहेर ठेवला होता.

मग ५.०२ आणि ४.८६ मधला फरक तरी ट्रेनिंगचा धरायचा का? तेही अवघड आहे. पहिल्या वेळी चिखल होता. शिवाय शिट्टी ऐकून पाय हलेपर्यंतचा वेळही घड्याळात मोजला गेला. लाइट गेटमध्ये तो येत नाही. शिवाय हाताने वेळ घेतली की ती दहावा-पाचवा हिस्सा सेकंदाने इकडेतिकडे होतेच. ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये शिवलेली शाळेची पँट दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर आली होती. तेरा-चौदाव्या वर्षी बहुतेक मुलं झपाट्याने वाढतात, आणि नुसत्या वाढण्यानेही वेळ कमी होते. अकादमीने त्या उंचीचेही पैसे घेतले, असं हिचं म्हणणं.

ट्रेनिंगने स्पीड वाढत नाही असं नाही. सरांच्या मते या वयात नीट ट्रेनिंग झालं तर काही महिन्यांत दोन-चार टक्के मिळाले तरी खूप. तीस मीटरला ०.१ सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण सेकंदाला सात मीटरच्या वेगात ते ७० सेंटिमीटर होतात. डिफेंडरच्या आधी बॉलला पाय लागायला तेवढे पुरतात. त्यासाठी लागतं काय, तर आठवड्यातून दोनदा ताज्या पायांनी, पूर्ण जोरात, थोड्याच स्प्रिंट, आणि दोन स्प्रिंटच्या मध्ये दम पूर्ण परत येईपर्यंत विश्रांती. जोडीला उड्या, स्क्वॉट्स आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. बघायला एकदम कंटाळवाणं; रील त्यावर होत नाही.

अकादमीत याच्या बरोबर उलटं चालायचं. जमिनीवर शिडी अंथरून पावलं नाचवणं, पाठीला पॅराशूट बांधून पळणं आणि मग पोरं ओकेपर्यंत फेऱ्या. शिडीने पावलं शिडीत चपळ होतात. न थांबता फेऱ्या मारल्या की दमसास वाढतो, पण थकलेला पाय फुल स्पीडने पडतच नाही, मग तो शिकणार काय? गुडघ्याखालचं हाड दुखतंय म्हणून मुलगा दोन-तीनदा बोलला, तर ‘मनाने कच्चा’ म्हणून त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. वाढत्या वयात तिथे दुखणं ही डॉक्टरकडे न्यायची गोष्ट आहे. एक पावडरचा डबाही गळ्यात मारला होता. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना नंबर नव्हता, म्हणून हिने तो उघडलाच नाही.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी फॉर्मवरची ओळ पुढे केली: ‘वाढ अकादमीने घेतलेल्या चाचणीनुसार धरली जाईल.’ त्यांच्या घड्याळात १२ टक्के वाढ झालीच आहे, मग परत कसले? वर ‘लेव्हल टू’ला २० टक्के सवलत देऊ केली. गॅरंटी असते ती अशी. कुठल्याही अकादमीत गेलात तर पहिल्या टेस्टचा व्हिडिओ बाजूने घ्या. निघायची जागा, घड्याळ दाबणारा हात आणि शेवटची रेषा त्यात दिसू द्या. दुसरी टेस्ट त्याच मैदानावर, तेच शूज घालून, तशाच पद्धतीने घ्यायला लावा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोललो, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, जाहिरात, फॉर्म आणि दोन्ही व्हिडिओ जोडलेत. आमच्या मुलाची क्लिप पिवळ्या अक्षरांत ५.०२ आणि ४.४१ लिहून त्यांच्या जाहिरातीत अजून फिरतेय. ती काढून टाकावी, हीही मागणी तक्रारीत घातली आहे.