‘संत्रा’ की ‘जंभेरी खुंटावरची संत्रा कलमे’?

शेंदुरजनाघाटकडच्या (अमरावती जिल्हा) रोपवाटिकेची वेबसाइट करताना हाच घोळ होतो: गूगलवर शोधणाऱ्यांना साइट सापडावी म्हणून एकच ढोबळ शब्द धरावा की लांब, नेमका शब्दसमूह? (जंभेरी हा लिंबाचा प्रकार; त्याच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, संत्र्याचं कलम बांधतात.)

स्पर्धा पाहा. ‘संत्रा’ शोधलं की बाजारभाव, रस, आरोग्याचे फायदे, बातम्या सगळं येतं. त्या गर्दीत नवी साइट दिसतच नाही. लांब शब्दसमूह शोधणारे मोजके, पण ते कलमे घ्यायलाच निघालेले. जाहिरात दिली तर ‘संत्रा’वर रसाची कृती शोधणाऱ्याच्या क्लिकचेही पैसे आपल्याच खिशातून जातात.

मेहनत मात्र लांबाला जास्त. गूगलमध्ये ‘संत्रा कलम’ टाइप करून येणाऱ्या सूचना टिपा. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं तेही लिहा, जसं खुंट जंभेरीचा की रंगपूर लिंबाचा, दर, गाडीने पोच. एकेका प्रश्नाला एक पान, शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात. कुणी ‘संत्रा’ लिहितं, कुणी ‘संत्री’, कुणी रोमन लिपीत. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे लोक काय शोधून आपल्या साइटवर येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, खरी रूपं दिसतात. तोच शब्द पंचवीसदा कोंबला तर गूगल स्पॅम धरू शकतं. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरणं तर फुकटची हमाली: क्रमवारीत तो धरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच सांगितलंय.

हंगामापुरती कलमे विकणाऱ्याने लांबच घ्यावा. आधीच बरीच पानं आणि नियमित वाचक असलेल्या साइटने ‘संत्रा’च्या मागे लागायला हरकत नाही.