क्लिनोप्टिलोलाइट झिओलाइट: काही महिन्यांच्या सलग वापरानंतर

पाण्यात विरघळलेल्या शिशासाठी हे खनिज भरवशाचे आहे. कॅडमियमसाठी बऱ्यापैकी. आर्सेनिक किंवा हेक्झाव्हॅलंट क्रोमियमसाठी (क्रोमियमचे एक विषारी रूप) मात्र ते घेऊच नका. झिओलाइटचा सांगाडा ऋणभारित असल्याने तो धन आयन (धनभारित अणू, जसे विरघळलेले शिसे) धरतो. आर्सेनेट आणि क्रोमेट (आर्सेनिक आणि या क्रोमियमची पाण्यातली रूपे) स्वतःच ऋणभारित असतात, ते सरळ निघून जातात. आर्सेनिकसाठी लोह हायड्रॉक्साइडचे दाणे लागतात.

दाणा ०.५ ते १ मिमीचा बरा. पोत्यातल्या मालात भुकटी बरीच असते, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत आधी धुवा. मग १० टक्के मिठाच्या पाण्यात २४ तास भिजवून पुन्हा धुवा. हा टप्पा टाळू नये: दाण्यांतले कॅल्शियम हटून तिथे सोडियम बसते आणि शिसे सोडियमला सहज बाजूला सारते.

१० लिटर दाण्यांच्या थरातून मिनिटाला १ लिटर पाणी सोडले की संपर्काला दहा मिनिटे मिळतात. नळ मोठा सोडला की शिसे आधी निसटते. आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच, कारण कणांच्या रूपातले शिसे आयन-विनिमयाने (एक आयन सोडून दुसरा धरण्याने) अडत नाही.

माहितीपत्रकातल्या क्षमतेच्या आकड्यावर विसंबू नका. असे आकडे बहुधा फक्त शिसे मिसळलेल्या शुद्ध पाण्यावर काढलेले असतात. लिटरमागे १०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ०.०५ मिग्रॅ शिसे असेल, तर विद्युतभाराच्या हिशेबाने कॅल्शियम सुमारे दहा हजार पट भरते. शिशाची ओढ जास्त असली तरी एवढ्या गर्दीत जागा लवकर संपतात. जड (कॅल्शियम जास्त असलेल्या) पाण्यात थराचे आयुष्य खूप घटते ते यामुळेच.

थर संपल्याचे डोळ्यांना काहीच कळत नाही. रंग, चव, प्रवाह सगळे तसेच राहते. म्हणून दाण्यांनी भरलेले दोन स्तंभ एकामागोमाग जोडावेत आणि दोन्हींच्या मधले पाणी ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तपासावे. तिथे शिसे १० मायक्रोग्रॅमकडे (जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागची मर्यादा) सरकू लागले की पहिला स्तंभ काढा, दुसरा त्याच्या जागी आणा, मागे नवा लावा. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायला सांगा, नाहीतर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

मिठाच्या पाण्याने दाणे पुन्हा वापरता येतात, पण धरलेले शिसे त्या पाण्यात उतरते आणि ते मोरीत ओतता येत नाही. घरगुती वापरात दाणे बदललेलेच बरे. जुने दाणे कुंडीत किंवा बागेत टाकू नका. खतातले क्षार आणि आम्लधर्मी माती ते शिसे पुन्हा सोडवतात. बंद डब्यात भरून घातक कचऱ्यात द्या.