हबची बेअरिंग बदलली: येऊरचा चढ, एक पावसाळा आणि आठ महिने

मे महिन्यात सायकलचं मागचं चाक काढलं, ॲक्सल (चाकाचा आस) ओढून बाहेर घेतला आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवलं. साखरेत बोट फिरवल्यासारखी खरखर लागली. पुढच्या चाकाचं एक बेअरिंग तर जवळजवळ जाम झालं होतं. ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर सायकल जड जाते म्हणून त्याआधी मी टायर बदलले होते, चेन बदलली होती. हब, म्हणजे चाकाच्या मधला, बेअरिंग बसवलेला भाग, उघडून बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

त्याला आता आठ महिने झाले. वर्तकनगरहून उपवनमार्गे येऊर आठवड्यातून चार वेळा, आणि रविवारी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत. अंदाजे दोन हजार किलोमीटर झाले असतील. या काळात बेअरिंगचे दोन संच बसवले, त्यातला पहिला फुकट गेला. तो का गेला ते सांगायला हवं.

आधी मापाबद्दल. माझ्या दोन्ही हबमध्ये ६९०२ नंबरची बेअरिंग आहेत. शेवटचे ०२ म्हणजे आतलं भोक १५ मिमी. ०० असेल तर १०, ०१ ला १२, ०३ ला १७. ६९०२ चा बाहेरचा व्यास २८ आणि जाडी ७ मिमी असते. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मोजून घ्या. ही मापं जगभर एकच असल्यामुळे सायकलच्या दुकानातलं महागडं किट घ्यावं लागत नाही. वागळे इस्टेटमध्ये मोटर-पंपांची बेअरिंग विकणाऱ्या दुकानात मला चारही नग मिळाले. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "पाण्यात जाणार की धुळीत?"

"दोन्हीत. पण हलकं फिरायला हवं."

"मग पावसाळा काढणार नाही हो ते," काका म्हणाले. मी तरी हलकंच घेतलं.

हलकं म्हणजे काय, तर सीलचा, म्हणजे बेअरिंगच्या बाजूंना असलेल्या झाकणाचा फरक. एका प्रकारात रबरी सीलचा ओठ आतल्या रिंगला टेकलेला असतो, त्यामुळे पाणी अडतं, पण थोडं घर्षण होतं. दुसऱ्यात ओठ आणि रिंग यांच्यात केसाएवढी फट असते. घर्षण नाही, पण पाण्याला वाट आहे. एनएसके कंपनीच्या बेअरिंगवर टेकणाऱ्या सीलला डीडीयू आणि न टेकणाऱ्याला व्हीव्ही लिहिलेलं असतं. एनटीएन कंपनीच्या बेअरिंगवर तेच एलएलयू आणि एलएलबी. विकत घेताना खोक्यावर नाही, बेअरिंगच्या अंगावर कोरलेली अक्षरं वाचा.

मी चारही न टेकणारी बसवली. स्टँडवर चाक फिरवलं की पूर्वी चाळीसेक सेकंदांत थांबायचं, ते दोन मिनिटांच्या वर गेलं. मला फार आनंद झाला होता. पण मी आणखी एक चाचणी घेतली, आणि माझ्या मते खरी चाचणी तीच. येऊरहून उतरताना एक वळण संपल्यावर रस्ता सपाट होतो. वळणावरच्या दगडापाशी थांबायचं, ब्रेक सोडायचा, पेडल मारायचं नाही, सायकल जिथे थांबेल तिथे खूण करायची. टायरमधली हवा दर वेळी तेवढीच. जुन्या, खरखरत्या बेअरिंगवर सायकल विजेच्या एका खांबाच्या बरीच अलीकडे थांबायची. नव्यांवर ती खांबाच्या चार पावलं पुढे गेली. पुढे सप्टेंबरमध्ये टेकणाऱ्या सीलची बेअरिंग बसवली, जी स्टँडवर एका मिनिटातच थांबतात, तेव्हा ती खांबापाशीच थांबली. म्हणजे खराब बेअरिंग आणि चांगलं बेअरिंग यांत मोठा फरक, पण दोन चांगल्या बेअरिंगमध्ये फरक चार पावलांचा. हवेत फिरणाऱ्या चाकावर माणसाचं वजन नसतं, टायर रस्त्यावर दबत नाही, म्हणून तिथे सीलचं घर्षण आहे त्यापेक्षा फार मोठं दिसतं.

त्या चार पावलांची किंमत जुलैत कळली. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाचा राडा आणि साचलेलं पाणी, त्यातून दोन रविवार गेलो. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या हबच्या कडेला नारिंगी ओघळ दिसला. सील सुईने उचललं तर आतलं ग्रीस दुधाळ झालेलं, त्यात पाणी मिसळलं होतं. रॉकेलने धुतलं, नवं ग्रीस भरलं, तरी गणपतीपर्यंत खरखर परत आली. बेअरिंगचा दोष नव्हता. ते सील या रस्त्यासाठी नव्हतंच.

दुसरा संच सगळा टेकणाऱ्या सीलचा. बसवताना मात्र चुकलो, आणि ही चूक बऱ्याच जणांची होत असणार. बेअरिंग हातोडीने ठोकायचं नाही आणि आतल्या रिंगवर जोर द्यायचा नाही, तो जोर दोन रिंगांमधल्या छऱ्यांवरून जातो आणि रिंगमध्ये खड्डे पडतात. मी हार्डवेअरच्या दुकानातून आटेवाली सळई, दोन नट आणि जाड वॉशर आणले, बाहेरच्या रिंगवर जुनं बेअरिंग टेकवून हळूहळू आवळत गेलो. इथपर्यंत ठीक. पण दुसऱ्या बाजूचं बेअरिंग पूर्ण टेकेपर्यंत आवळलं. दोन्ही बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते. ती आतल्या रिंगना आधीच टेकलेली होती, मी बाहेरच्या रिंगना आणखी आत ढकलत होतो. हातात चाक बऱ्यापैकी फिरायचं, ॲक्सल आवळला की जड व्हायचं. रबरी हातोडीने ॲक्सलच्या टोकावर आतून बाहेर दोन हलके ठोके दिले, बेअरिंग कणभर मागे सरकलं आणि चाक मोकळं झालं. आता मी मधली नळी हलायची थांबली की हात थांबवतो. माझ्या मते चाक जड फिरण्याची जेवढी कारणं मी पाहिली, त्यांत हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारं.

घर्षण आणखी कमी करावं म्हणून पुढच्या हबमध्ये आतल्या, पोकळीकडच्या बाजूचं सील काढूनही बघितलं. डिसेंबरमध्ये उघडलं तर अर्धं ग्रीस हबच्या पोकळीत जाऊन बसलं होतं. ते सील परत लावलं.

देखभाल आता ठरलेली आहे. पावसाळ्यात तीन आठवड्यांनी चाक काढून बोटाने फिरवून बघतो, एरवी तीन महिन्यांनी. सील उचलायचं तर आतल्या कडेने, पातळ सुईने, म्हणजे बाहेरची कड वाकत नाही. ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, त्याहून जास्त नाही. गच्च भरलं की छरे ते घुसळत बसतात आणि चाक जड होतं. फ्रीहबमध्ये, म्हणजे पेडल थांबवलं तरी मागचं चाक फिरू देणाऱ्या भागात, मात्र हे ग्रीस अजिबात नको. तिथले पॉल, म्हणजे अडकणाऱ्या खिट्ट्या, छोट्या स्प्रिंगवर उघडतात, जाड ग्रीसमध्ये ते चिकटतात आणि चढावर पेडल एकदम रिकामं जातं. तिथे पातळ तेलाचे चारपाच थेंब पुरतात. प्रेशरच्या पाण्याचा झोत हबवर मारू देत नाही, बादली आणि ब्रश.

सिरॅमिक बेअरिंगबद्दल मित्र विचारतात. त्यात छरे सिलिकॉन नायट्राइडचे असले तरी रिंग बहुतेकदा स्टीलचीच असते, आणि चिखलाचं पाणी तिला तसंच खातं. तेवढ्या पैशांत माझे अनेक संच येतील. मी घेणार नाही.

सध्या पुढचं चाक निर्दोष आहे. मागच्या चाकात कॅसेटच्या (गिअरच्या चकत्यांच्या) बाजूचं बेअरिंग किंचित खरखरायला लागलंय, चेनचा सगळा ताण त्याच बाजूला येतो. तेवढं एकच नग काकांकडून आणून ठेवलंय, पुढच्या रविवारी बसवेन.