खोक्यावर २५६ बिट, रबरावर चार आकडे

हिशेब तपासायच्या कामात दुसऱ्यांची गुपितं खिशात घालून फिरावं लागतं. पगारपत्रकं, बँकेचे उतारे, कोणाच्या कर्जाची अख्खी कुंडली. म्हणून वर्षभरापूर्वी मी अंगावरच आकड्यांची बटणं असलेला पेन ड्राइव्ह घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक ड्राइव्हना लागू पडेल.

खोक्यावर सगळ्यात ठळक काय, तर ‘एईएस २५६ बिट’. एईएस म्हणजे किल्लीवाचून वाचता येऊ नये असा मजकूर गुंडाळायची (एन्क्रिप्शनची) एक पद्धत. यात कंपनीचं कर्तृत्व शून्य. योआन डामन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन माणसांची ‘रायनडाल’ ही पद्धत अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने खुल्या स्पर्धेतल्या १५ प्रवेशिकांतून निवडली आणि २००१ मध्ये एईएस या नावाने मानक केली. ती कोणालाही फुकट वापरता येते. त्याआधीच्या डीईएस या मानकाची किल्ली, म्हणजे मजकूर गुंडाळणारी-उघडणारी ० आणि १ ची माळ, ५६ बिटांची (५६ मण्यांची) होती, आणि १९९८ मध्ये खास त्यासाठी बांधलेल्या एका यंत्राने ती ५६ तासांत शोधून काढली. (आकडे जुळले हा निव्वळ योगायोग.) एईएसची सगळ्यात लहान किल्लीसुद्धा १२८ बिटांची असते. माझ्या पगारपत्रकांना तेवढी पुरून उरली असती, पण खोक्यावर २५६ भारदस्त दिसतं.

मग बटणांचाच का घेतला? २०१० मध्ये काही नामांकित एईएस-२५६ पेन ड्राइव्हची फजिती झाली होती. एन्क्रिप्शनला कोणी हातही लावला नव्हता. पासवर्ड तपासायचं काम संगणकावरचं सॉफ्टवेअर करायचं आणि तो बरोबर निघाला की ड्राइव्हला दर वेळी एकच ठरलेला ‘उघड’ असा संदेश पाठवायचं. तो संदेश थेट पाठवला की काम फत्ते, पासवर्डची गरजच नाही. त्या ड्राइव्हना सरकारी मानकाचं प्रमाणपत्रही होतं. माझ्या ड्राइव्हमध्ये पिन आतली चिप तपासते, संगणकाला तो कळतच नाही. कुठलंही सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे तपासणीला जाते त्यांच्या संगणकावरही बिनबोभाट चालतो. वेग बेताचा, पण एक्सेलच्या फायलींना बास.

माहितीपुस्तिकेत एका कोपऱ्यात ‘एक्सटीएस मोड’ असं लिहिलंय. ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत हवं होतं. एईएस एका वेळी फक्त १६ बाइटचा तुकडा गुंडाळतं. तुकडे सुटे सुटे गुंडाळले, तर सारख्या तुकड्यांची गाठोडी सारखीच दिसतात आणि चित्र असेल तर त्याचा आकार बाहेरूनही ओळखू येतो. एक्सटीएसमध्ये तुकड्याची जागाही हिशेबात धरतात, त्यामुळे तो प्रकार टळतो. मात्र कोणी गुंडाळलेल्या मजकुरात ढवळाढवळ केली, तर एक्सटीएस ओरडत नाही. उघडल्यावर तो तुकडा नुसता कचरा होऊन येतो. माझ्या धंद्यात गुप्ततेइतकीच छेडछाडीची धास्ती असते. म्हणून फायलींच्या एसएचए-२५६ ठशांची (फायलीत जरा बदल झाला तरी बदलणाऱ्या खुणेच्या आकड्यांची) यादी मी वेगळ्या ठिकाणी ठेवते.

आता तक्रार. पिन कमीत कमी ७ आकडी लागतो. मी अर्थातच ७ आकडीच ठेवला, त्यातही चारच वेगवेगळे आकडे. ७ आकड्यांचे एकूण पिन १ कोटी. २५६ बिटांपुढे ही संख्या म्हणजे चिल्लर, आणि यंत्राने ते सगळे पिन बघता बघता तपासले असते. म्हणजे ड्राइव्हची खरी राखण करतो तो १० चुकांचा नियम: दहाव्या चुकीला आतली किल्ली नष्ट. आठनऊ महिन्यांनी एकदा टेबललॅम्पखाली ड्राइव्ह तिरका धरला, तर चार बटणांचं रबर गुळगुळीत होऊन चकाकत होतं. बाकीची सहा कोरी करकरीत. कागद घेऊन हिशेब मांडला. चारही आकडे वापरणारे ७ आकडी पिन फक्त ८,४००. दहा संधी धरल्या, तर चोराला ८४० मध्ये एक. एक कोटीची ही गत माझ्याच बोटांनी केली होती.

घाबरून दहाही आकडे एकेकदा येणारा पिन ठेवला. मग दोन आठवडे रजा. परत आले तर पहिले सहा आठवले, पुढचे चार नाहीत. किती संधी उरल्या हे ड्राइव्ह सांगत नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो. मला वाटलं आठवी, ती होती दहावी. क्षणात सगळं गेलं. खरं तर मजकूर चिपमध्ये जसाच्या तसा पडलेला, पण किल्लीवाचून त्याला काही अर्थ नाही. घरच्या डिस्कवर प्रत होती, तरी रजेआधीच्या तीन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. त्या तीन दिवसांत मी कंपनीला शिव्या घातल्या आणि ड्राइव्ह बोलल्याप्रमाणे वागला म्हणून मनातल्या मनात त्याचं कौतुकही केलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो उरलेल्या संधी न दाखवल्याबद्दल. रबराबद्दल अर्धा कापणार होते, पण आता दर महिन्याला पिन बदलते आणि दहाही बटणं सारखीच झिजवते.